रात्री आठ किलो, सकाळी शून्य: जुन्या बसच्या मोटरहोमची हवा का उतरते

संध्याकाळी गाडी लावताना ब्रेकच्या हवेच्या मीटरचे दोन्ही काटे आठ किलोवर. सकाळी चावी फिरवली की दोन्ही तळाला. बझर थांबत नाही, हँडब्रेक सुटत नाही, आणि हवा भरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालू ठेवून बसायचं. आमच्या बसला हे दुखणं दोन वर्षं होतं. चार वेळा दुरुस्त केलं, चारही वेळा परत आलं. पाचव्या वेळी गेलं, आणि ज्या कारणामुळे होत होतं तिकडे आधीच्या चार वेळांत कोणी बघितलंच नव्हतं. नाशिकमध्ये जुन्या बसची मोटरहोम करून घेणारे आता बरेच भेटतात आणि प्रत्येकाची तक्रार हीच असते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची गाडी २००८ची, सहा सिलिंडरची डिझेल बस. आधी कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची. २०१९मध्ये घेतली, आरटीओची परवानगी काढून आत बिछाने, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली. पूर्ण एअर ब्रेक, मागच्या चाकांना स्प्रिंगचे पार्किंग ब्रेक, पुढे-मागे पाट्यांचं सस्पेन्शन. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं बस चालवली. त्यामुळे स्टेअरिंग त्यांच्याकडे आणि डायरी माझ्याकडे. हवेचे आकडे मी लिहून ठेवत गेले म्हणूनच शेवटी रस्ता सापडला.

गाडीखाली जायच्या आधी

चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका. हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, हे खरं. पण तपासताना आपण हँडब्रेक सोडतो, पुन्हा ओढतो, आणि त्या मधल्या वेळात गाडी फक्त ठोकळ्यांवर असते. आणि मागच्या चाकामागे ब्रेकचा जो डबल चेंबर, म्हणजे हवेचा दुहेरी डबा, दिसतो, त्याच्या मागच्या भागात दाबून बसवलेली प्रचंड ताकदीची स्प्रिंग असते. त्या भागाचा पट्टा किंवा कडा कधीही खोलायची नाही, अगदी हात बसलेल्या मेस्त्रीनेही नाही. तो भाग खराब झाला तर अख्खा चेंबर बदलतात, आणि तेही आधी रिलीज बोल्टने स्प्रिंग बांधून घेऊन. यात घाई केलेली माणसं जिवाला मुकली आहेत.

किती उतरली तर गळती म्हणायची

पहिली चूक इथेच होते. काटा थोडा खाली दिसला की माणूस घाबरतो. दाब तापमानाबरोबर बदलतो. संध्याकाळी टाकीतली हवा ३० अंशांवर आणि दाब ८ किलो असेल, आणि पहाटे ती १० अंशांवर आली, तर एक फुगाही न सुटता काटा साधारण ७.४वर येतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे द्राक्षबागांच्या कडेला मुक्काम केला तर हे नक्की दिसणार. सबब रात्रीत अर्धा-पाऊण किलो कमी झालं तर गाडी गॅरेजला नेऊ नका. आमच्या गाडीचं आम्ही ठरवलं आहे: आठचे सकाळी सात राहिले तर गाडी ठीक, सहाच्या खाली आले तर शोध सुरू.

(किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. बारच्या जवळपास तेवढंच, आणि पीएसआयमध्ये साधारण १४. आपल्याकडचे मेस्त्री किलोच म्हणतात, मीही तेच वापरते.)

दिवसाच्या तपासणीला माप हवं असेल तर अमेरिकेत अवजड वाहनाच्या परवान्याच्या परीक्षेत वापरतात ते सोपं आहे. हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, पाय सोडलेला असताना एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, आणि ब्रेक दाबून धरलेला असताना ३ पीएसआयपेक्षा जास्त नाही. हे एकट्या गाडीसाठी, मागे ट्रेलर नसताना. ३ पीएसआय म्हणजे जेमतेम ०.२ किलो, आपल्या मीटरवर काटा हलल्यासारखा वाटेल एवढंच. मोबाइलवर मीटरचा फोटो काढा, मिनिटभराने पुन्हा काढा, दोन्ही शेजारी ठेवून बघा. डोळ्यावर विसंबू नका.

काटे काय सांगतात

मीटरला दोन काटे असतात, एक पुढच्या ब्रेकच्या सर्किटचा, म्हणजे हवेच्या स्वतंत्र वाटेचा, एक मागच्या. मध्ये चार सर्किटचा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह बसलेला असतो. बऱ्याच गाड्यांत हवेतलं पाणी अडवणारा ड्रायर, टाक्या भरल्या की जादा हवा बाहेर सोडणारा अनलोडर आणि हा व्हॉल्व्ह मिळून एकच डबा असतो, त्याला सगळे डीडीयू म्हणतात. त्याचं काम असं, की एक सर्किट फुटलं तरी बाकीच्यांची हवा एका पातळीखाली जाऊ द्यायची नाही. म्हणून सकाळी एक काटा शून्यावर आणि दुसरा साडेचार-पाचच्या आसपास थांबलेला दिसला, तर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह धड आहे आणि गळती शून्यावाल्या सर्किटमध्ये आहे. दोन्ही शून्यावर असतील तर एकतर दोन्हीकडे गळती आहे, किंवा तो व्हॉल्व्हच धरत नाही. रात्री दोन-तीनदा उठून आकडे लिहिले तर कोणता काटा कुठे थांबतो ते कळतं. मी लिहिले होते. आमच्या गाडीत दहा वाजता ८ आणि ८, बारा वाजता ६ आणि ५.५, पहाटे तीनला ३ आणि १, सहाला दोन्ही शून्य. मागचा काटा आधी पळत होता, पुढचा त्याच्या मागे. याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. गॅरेजमध्येही तो कागद कोणी वाचला नाही.

आमच्या चार दुरुस्त्या

पहिल्या पावसाळ्यात फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे ब्रेकच्या पायडलने चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या, खालून सूं असा आवाज येत होता, म्हणून त्याचं किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, टाकलं. दीड महिना बरं गेलं. दिवाळीत पुन्हा तेच, तेव्हा मागचा क्विक रिलीज व्हॉल्व्ह बदलला, पाय उचलल्यावर चेंबरमधली हवा झटकन बाहेर सोडतो तो. तो होळीपर्यंत टिकला. मग ड्रायरचा फिल्टर बदलला. मग पुन्हा फूट व्हॉल्व्हचं किट, यावेळी म्हणे पहिलं हलकं होतं. प्रत्येक वेळी काम झाल्यावर काटा रात्रभर उभा राहायचा आणि आम्हाला वाटायचं, सुटलो.

दुसऱ्या पावसाळ्यात भंडारदऱ्याहून येताना घोटीला चहाला थांबलो. इंजिन बंद, पाऊण तास. निघताना काटा पाचवर. अण्णा म्हणाले, "उद्या कसारा उतरायचं नाही या गाडीने." दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं होतं. गेलो नाही. कसाऱ्याच्या उतारावर ब्रेक सारखा लागतो, आणि ज्या कॉम्प्रेसरला उभ्या गाडीत हवा भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात तो तिथे पुरा पडेल याची खात्री कोण देणार?

टाकीचं पाणी

नाशिकमध्ये द्वारकाजवळ एक वयस्कर मेस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांना सगळं सांगायला लागले, तसं त्यांनी हात वर करून थांबवलं. "ताई, व्हॉल्व्हचं नंतर. आधी टाकीत काय आहे ते दाखवा."

हवेच्या टाकीच्या खाली ड्रेन व्हॉल्व्ह असतो, मधली कडी बाजूला ओढली की हवेबरोबर तळाचं पाणी बाहेर येतं. रोज काढायचं असतं. आम्ही ड्रायर आहे म्हणून काढत नव्हतो. चाचांनी पत्र्याचा डबा खाली धरून कडी ओढली. पाणी आलं नाही, आधी नुसतं खरखरलं. मग तारेने भोक मोकळं केलं तेव्हा भसकन जे आलं ते जवळजवळ कपभर होतं, करड्या-पांढऱ्या रंगाचं, ताकात राख कालवल्यासारखं. वर तेलाचे तवंग. त्यांनी दोन बोटांत घेऊन चोळलं, वास घेतला, माझ्या बोटांवर दिलं. चिकट, आणि जळक्या तेलाचा वास. "हे तुमच्या सगळ्या व्हॉल्व्हमध्ये फिरतंय," ते म्हणाले.

मला सांगायचं आहे ते एवढंच: हवा उतरण्याची तक्रार असली, की पाना हातात घ्यायच्या आधी टाकीच्या तळाशी काय साठलंय ते बघा. काहीच निघालं नाही किंवा दोन थेंब स्वच्छ पाणी निघालं तर ड्रायर काम करतोय, गळती साध्या जागी शोधा. भरपूर स्वच्छ पाणी असेल तर ड्रायरचा फिल्टर संपलाय. आणि तेल मिसळलेला असा पांढरट चिखल असेल, तर कोणताही व्हॉल्व्ह बदलू नका, कारण नवा व्हॉल्व्हही दोन महिन्यांत त्याच वाटेने जाणार.

चिखल कुठून येतो

पाणी तर हवेतूनच येतं. जुलैमध्ये आपल्याकडची २५ अंशांची ओलसर हवा घ्या. एका घनमीटरमध्ये वीसेक ग्रॅम वाफ असते. २५ लिटरची टाकी ८ किलोपर्यंत भरायला बाहेरची साधारण दोनशे लिटर हवा आत कोंबावी लागते. तेवढ्या हवेतली वाफ चारेक ग्रॅम, आणि थंड झालेल्या टाकीला त्यातली अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच वाफ म्हणून धरता येते. बाकीचं पाणी होतं. म्हणजे एक टाकी एकदा भरली की जवळजवळ चमचाभर पाणी. ते अडवायला ड्रायर असतो. आता ज्या गाडीची हवा रोज रात्री शून्यावर जाते तिच्या तीनही टाक्या रोज नव्याने भरतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात आमची गाडी रोज तीन चमचे पाणी ओढत होती, ते केवळ गळतीमुळे.

तेल कॉम्प्रेसरमधून येतं. थोडंसं प्रत्येक कॉम्प्रेसर सोडतो. जास्त सोडायला लागला की लोक लगेच पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणतात, पण चाचांनी आधी कॉम्प्रेसरचा हवा ओढायचा पाईप हातात धरला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. पाईप डोळ्यांदेखत चपटा झाला. गाडी बनवताना आतल्या ओट्याच्या पाइपांना जागा करायला एअर फिल्टरपासूनचा मूळ पाईप काढून तिथे साधा मऊ रबरी पाईप जोडला होता. आत तार नसलेला. इंजिन गरम झालं की तो ओढीने दबायचा. कॉम्प्रेसरला वरून हवा मिळेना, सिलिंडरमध्ये पोकळी व्हायची, आणि ती पोकळी खालच्या बाजूने, रिंगांच्या कडेने, इंजिनचं तेल वर ओढायची.

इथून पुढचं सगळं साखळीसारखं. हवा कमी येते म्हणून कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. जास्त वेळ चालतो म्हणून तापतो. त्याच्या तापलेल्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, तेल जळून कार्बन होतं आणि बाहेर जाणाऱ्या पाईपमध्ये आतून बसतं. पाईप अरुंद झाला की दाब अडतो, कॉम्प्रेसर आणखी तापतो. ड्रायरपर्यंत हवा येईतो ती साधारण ६५ अंशांच्या खाली यायला हवी, तरच त्याच्या फिल्टरमधले दाणे पाणी धरतात. गरम, तेलकट हवेने दाण्यांवर तेलाचा लेप बसतो आणि त्यांचं पाणी शोषणं बंद. मग पाणी आणि तेल दोन्ही पुढे टाक्यांत, तिथून व्हॉल्व्हमध्ये. तेलाने काही रबरं फुगतात, चिखल सीटवर बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, हवा गळते. आणि गळते म्हणून कॉम्प्रेसर आणखी जास्त वेळ चालतो.

आमचा बाहेरचा पाईप खोलला तेव्हा आतलं भोक पेन्सिल जाईल न जाईल एवढं उरलं होतं. मी तो तुकडा ठेवून दिला आहे.

उलट्या क्रमाने केलेली दुरुस्ती टिकत नाही

गळती शेवटच्या टोकाला ऐकू येते म्हणून सगळे शेवटच्या टोकापासून सुरू करतात. करायचं कॉम्प्रेसरकडून. आम्ही केलं ते असं: हवा ओढायचा पाईप तार असलेला, जाड, वळण न मारता बसवला. बाहेर जाणारा पाईप नवा, आणि कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंत सतत उतरता, मध्ये कुठे पोट न ठेवता, नाहीतर त्या पोटात पाणी साठतं. कॉम्प्रेसरचं डोकं खोलून व्हॉल्व्ह प्लेट आणि रिंगा बदलल्या. चाचा म्हणाले, पाईप आधीच नीट असता तर रिंगा अजून चालल्या असत्या. मग टाक्या उतरवून धुतल्या, उन्हात वाळवल्या. त्यानंतर डीडीयूचं किट आणि नवा फिल्टर. सगळ्यात शेवटी फूट व्हॉल्व्ह, क्विक रिलीज आणि हँडब्रेक व्हॉल्व्ह खोलून साफ केले. फूट व्हॉल्व्हची रबरं आम्ही वर्षभरात दोनदा बदललेलीच होती, फक्त चिखलात बुडालेली.

पैशांचा हिशोब एका ओळीत: तो ओढायचा पाईप सगळ्या यादीत सर्वात स्वस्त होता.

डीडीयूबद्दल थोडं जास्त, कारण तिथे दोन आवाजांत लोक फसतात. हवा आठला पोहोचली की तो फुस्स करून सगळं पाणी बाहेर टाकतो आणि त्यानंतर वीस-तीस सेकंद हलका सुस्कारा ऐकू येतो. तो आजार नाही, सुकलेली हवा दाण्यांमधून उलटी सोडून दाणे वाळवले जात असतात. पण इंजिन बंद करून पाच मिनिटं झाली तरी त्याच भोकातून हवा येत असेल, तर आतला चेक व्हॉल्व्ह परत हवा सोडतो आहे. आणि इंजिन चालू असताना, पाय ब्रेकवर न ठेवता, दर मिनिटा-दीड मिनिटाला फुस्स होत असेल, तर कुठेतरी मोठी गळती आहे. गाडी उभी करून घड्याळ लावून हे मोजा. फुकटची आणि फार उपयोगी तपासणी आहे.

दुसरी गळती, पायरीची

एवढं करूनही मागचा काटा सकाळी तीनवर यायचा. पुढचा आता सातला थांबत होता. तेव्हा मला माझ्या जुन्या कागदाचा अर्थ लागला. मागच्या सर्किटमध्ये स्वतंत्र गळती आधीपासूनच होती आणि डीडीयू खराब असल्यामुळे ती पुढच्यालाही ओढून नेत होती.

अण्णा रात्री दोन वाजता टॉर्च बंद करून गाडीजवळ उभे राहिले. पाथर्डी फाट्याच्या आमच्या प्लॉटवर त्या वेळी हायवेचा आवाजही थोडा कमी असतो. त्यांनी पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरं एकेका जोडावरून फिरवत गेले. दाराशी थांबले. "अगं, हे बघ, इथे आहे." साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला तर पायरी आत-बाहेर करणाऱ्या सिलिंडरच्या जोडावर मोहरीएवढे फुगे, एकामागून एक. फेस मोठा येत नाही, बारीक दाणे येत राहतात, म्हणून अर्धा मिनिट थांबून बघावं लागतं. साबण म्हणून शॅम्पूचं एक पाउच अर्ध्या लिटर पाण्यात पुरतं, जोडावर चिकटून राहतं.

गळती छोटी होती. चूक मोठी होती. त्या पायरीची हवा थेट मागच्या ब्रेकच्या टाकीवर टी टाकून घेतली होती. दार, हॉर्न, एक्झॉस्ट ब्रेक, क्लच बूस्टर अशा गोष्टींसाठी प्रोटेक्शन व्हॉल्व्हचं वेगळं सर्किट असतं, ते फुटलं तरी ब्रेकची हवा राहावी म्हणूनच. आपल्या सोयीची कुठलीही वस्तू, पायरी असो की सीट, त्याच सर्किटवर घ्यायची. ब्रेकच्या टाकीला हात लावायचा नाही. तुमची गाडी कोणी बनवून दिली असेल तर आजच टाक्यांखाली वाकून बघा. टाकीवर एखादा टी नवा, चकचकीत दिसला तर तो पाईप कुठे जातो ते शोधून काढा. आणि प्लायवुडच्या मागे लपवलेल्या प्रत्येक जोडासमोर एक छोटं झाकण ठेवायला सांगा. आमच्या मीटरमागचे दोन जोड बघायला सुताराला बोलवावं लागलं.

दिवसा उतरते, रात्री नाही

हे आमच्या गाडीत झालं नाही, पण चाचांच्या गाळ्यात उभ्या असलेल्या एका बसमध्ये डोळ्यांनी बघितलं. फूट व्हॉल्व्हखालून हवा येते, म्हणून त्या मालकाने फूट व्हॉल्व्ह अख्खा नवा बसवला होता. तरी हवा येतच होती. चाचांनी फक्त हँडब्रेक ओढला. आवाज बंद. सोडला, पुन्हा सुरू.

कारण असं. हँडब्रेक सोडलेला असताना स्प्रिंगच्या चेंबरमध्ये हवा भरलेली असते, तीच स्प्रिंगला मागे दाबून धरते. त्या चेंबरच्या आणि पुढच्या, पायाच्या ब्रेकच्या चेंबरच्या मधलं सील गेलं, की ही हवा पुढच्या चेंबरमध्ये शिरते आणि तिथून उलट्या वाटेने रिले किंवा फूट व्हॉल्व्हच्या बाहेरच्या भोकातून निघून जाते. आवाज व्हॉल्व्हचा, दोष चेंबरचा. म्हणून कुठल्याही व्हॉल्व्हच्या बाहेरच्या भोकातून हवा येत असेल तर आधी हँडब्रेक ओढून-सोडून बघा. ओढल्यावर थांबली तर चेंबर. न थांबली तर व्हॉल्व्ह. दहा सेकंदांचं काम आहे.

पाय दाबल्यावरच हवा जात असेल तर चेंबरचे डायफ्राम, म्हणजे आतले रबरी पडदे, होज पाईप आणि क्विक रिलीज बघा. स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे चेंबरच्या दांडीला जोडलेले ब्रेकची ढील काढायचे आर्म, ढिले असतील तर प्रत्येक दाबाला जास्त हवा खर्च होते, गळती नसतानाही काटा पटापट उतरतो.

ज्यांच्या गाडीला पाट्यांऐवजी हवेचे फुगे आहेत त्यांना हवा गेल्याचं मीटरआधी गाडीच सांगते, सकाळी ती एका कुशीवर कललेली असते. फुग्याच्या घडीत चिरा बघा आणि गाडीची उंची राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी सुटली-वाकली आहे का ते बघा. अशा गाडीखाली तिची बॉडी लोखंडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, टेकवल्याशिवाय जाऊ नका. हवा सुटली की बॉडी खाली बसते.

उभ्या गाडीचं वेगळं असतं

ट्रक-बसच्या सर्व्हिसचं वेळापत्रक किलोमीटरवर असतं. मोटरहोम वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालते आणि बाकीचे महिने उभी असते. तिच्यात रबर चालून झिजत नाही, उभं राहून कडक होतं, म्हणून थंडीत गळती वाढते. किटं आणि डायफ्राम किलोमीटरवर न मोजता वर्षांवर मोजा. ड्रायरचा फिल्टर आम्ही दर मे महिन्यात बघतो, पावसाच्या आधी. उतरवल्यावर त्याच्या तोंडाशी तेल दिसलं तर फिल्टर बदलायचाच, पण तेल का आलं हे विचारल्याशिवाय नवा बसवायचा नाही.

उभ्या गाडीचा आणखी एक शत्रू उंदीर. प्लॉटच्या शेजारी शेत असेल तर नायलॉनचे पाईप कुरतडतात. कुरतडलेला भाग काटकोनात, धारदार ब्लेडने कापून नीट कपलिंग टाका. टेप गुंडाळून ब्रेकचा पाईप चालवू नका, एका प्रवासापुरताही नाही.

पंधरा दिवसांतून एकदा नुसतं इंजिन चालू करून बंद केलं तर ओलावा वाढतोच. निदान गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, म्हणजे पाईप आणि ड्रायर पूर्ण गरम होऊन दोन-चार वेळा फुस्स होतं. परत आल्यावर तीनही टाक्यांची कडी ओढून पांढऱ्या फडक्यावर काय येतं ते बघा. फडक्यावर नुसती ओल आली तर ठीक. पिवळट-करडा डाग आला तर त्याच आठवड्यात कॉम्प्रेसरकडे बघा.

आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या परिसरात सुट्या भागांची दुकानं आहेत. जाताना जुना भाग सोबत न्या, किंवा निदान त्याच्यावरच्या पट्टीचा फोटो. एकाच दिसणाऱ्या दोन व्हॉल्व्हचे दाब वेगळे असतात आणि जोडांचे आटेही जुळत नाहीत. जुळवून घेतलेला आटा हमखास गळतो.

आमचे आकडे आता असे: शून्यापासून आठ किलो भरायला आधी बावीस मिनिटं लागायची, आता सहा. काल रात्री दहा वाजता ८ आणि ८, आज सकाळी सहाला ७.३ आणि ७.२. मागच्या दोन चेंबरचे डायफ्राम अजून २०१९चेच आहेत. ते दिवाळीच्या आधी बदलून घेणार आहोत, आणि त्यानंतरच कसारा उतरणार आहोत.